शिवाशिवीचा खेळ आणि बघणारी माणसं

डिसेंबर २०२३ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात मी प्रो कबड्डीचा एक सामना पाहिला. तिकीट काढून, खुर्चीत बसून कबड्डी पाहण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. बरोबर माझे दोन जुने विद्यार्थी होते. एक आता एस.टी.त कंडक्टर आहे, दुसरा पुण्यात सामान पोचवण्याचे काम करतो. तिकिटे त्यांनीच काढली; किती रुपयांची हे मला शेवटपर्यंत सांगितले नाही. सामना पुणेरी पलटणचा, आणि पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार हा आमच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा, गरीब घरातला पोरगा. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्णपदक घेणाऱ्या भारतीय संघात तो होता. म्हणून गेलो, असे मी स्वतःला सांगितले. निकाल काय लागला ते सांगत बसत नाही. मला लिहायचे आहे ते बघणाऱ्यांबद्दल, आणि त्या बघणाऱ्यांत मीही होतो.

आपल्या नियतकालिकांतून कवितेवर, आत्मकथनावर, नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. खेळावर जवळजवळ नाहीच. हे असे का, याचा विचार मी त्या संध्याकाळपासून करतो आहे. दलित साहित्यातले शरीर हे राबणारे, उपाशी, मार खाणारे शरीर आहे. ते तसे आहे कारण वास्तव तसे होते, त्यात खोटे काहीच नाही. पण तेच शरीर संध्याकाळी ओढ्याच्या वाळूत दम धरून पळत होते, कुणाच्या तरी घोट्याला मिठी मारत होते आणि खदाखदा हसत होते, हेही वास्तव होते. दया पवार आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले भागातले. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि त्यानंतर आत्मकथनांची रांग लागली. त्या सगळ्या वाङ्मयात खेळ कुठे कुठे येऊन जातो, पण मध्यवर्ती होत नाही. खेळाडू हा आपला नायक झाला नाही. प्रेक्षक तर नाहीच नाही.

उलट बाजूला, प्रस्थापित मराठीतले क्रीडालेखन बघावे तर त्यात खेळ हे जातीबाहेरचे पवित्र क्षेत्र आहे. तिथे 'खिलाडूवृत्ती' नावाची एक वस्तू असते आणि ती अंगी आली की माणूस आपोआप माणूस होतो. हे लिहिणाऱ्यांनी खेळाचे मैदान बहुधा गॅलरीतूनच पाहिले असावे.

आमच्या गावात आम्ही हुतूतू मराठ्यांच्या पोरांबरोबर खेळत होतो. खेळताना शिवाशिव नव्हती, हे खरे आहे. असती तर खेळच झाला नसता. खेळ संपला की सगळे विहिरीवर जात. त्यांची पोरे थारोळ्यावर हातपाय धूत, आणि आम्ही खाली पाटाने वाहत येणाऱ्या पाण्यात. कुणी कुणाला सांगितले नव्हते. अर्ध्या घटकेपूर्वी ज्याच्या मांडीला मी घट्ट धरले होते तो वर उभा, मी खाली उभा. त्याचे त्याला काही वाटत नव्हते आणि मलाही तेव्हा काही वाटले नव्हते. ही दुसरी गोष्ट मला आज जास्त सलते.

मराठीत लहान मुलांच्या एका खेळाला 'शिवाशिवी' म्हणतात. ज्याच्यावर राज्य आहे तो ज्याला शिवेल त्याच्यावर राज्य येते. शब्द तोच, जो आपल्या आज्यापणज्यांच्या नशिबी आला होता. कबड्डी ही या शिवाशिवीचीच मोठी आवृत्ती आहे. दम धरून परक्या अंगणात जायचे, शिवायचे आणि परत यायचे. शिवला तो बाद. पण शिवण्याला किंमत केव्हा? चढाई करणारा मध्यरेषेपर्यंत परत आला तरच. तिकडेच पकडला गेला तर बाद तोच होतो. आणि कबड्डीतला बाद माणूस कायमचा बाद होत नाही. आपल्या बाजूने समोरचा एक टिपला की बाहेर बसलेल्यांपैकी पहिला 'जिवंत' होऊन आत येतो. मैदानाच्या दोन्ही कडांना मीटरभर रुंदीचा जो पट्टा असतो त्याला मराठी नियमांत 'राखीव क्षेत्र' म्हणतात. झटापट सुरू झाल्याशिवाय त्यात पाय टाकता येत नाही, टाकला तर बाद. माझा कंडक्टर विद्यार्थी म्हणाला, "सर, राखीव जागेचा नियम इथंबी तसाच हाये. भांडल्याबिगर मिळत न्हाई." मी हसलो. रूपक आयते होते आणि आयत्या रूपकांवर माझा विश्वास नाही, तरी ते इथे नोंदवून ठेवतो, कारण ते त्याचे आहे.

हे मराठी शब्द मात्र त्या मंडपात ऐकू आले नाहीत. चढाईची 'रेड' झाली, पकडीचा 'टॅकल', तिसऱ्या निर्णायक चढाईला 'डू ऑर डाय'. इंग्रजी शब्दांना माझी हरकत नाही. इंग्रजीने आपले भलेच केले आहे. पण २०१४ साली दूरदर्शनच्या पडद्यासाठी हा खेळ नव्याने बांधला गेला, तेव्हा मातीची मॅट झाली, अनवाणी पायांत बूट आले, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, आणि गावोगावच्या पंचांनी व खेळाडूंनी शेदीडशे वर्षांत घडवलेली बोली बाजूला पडली. ही बोली शाळेत तयार झालेली नव्हती. ती वस्त्यांत, गिरणगावातल्या व्यायामशाळांत, यात्रांच्या मैदानांत तयार झाली होती. आमची मुले आता घरच्या अंगणातही 'सुपर टॅकल' म्हणतात. त्यांना मी दोष देत नाही. बदलाचे काही फायदेही आहेत: मॅटवर ढोपर फुटत नाही, आणि पंचाचा निर्णय पडद्यावर पुन्हा पाहता येतो. गावच्या यात्रेत पंच पाटलाचा मेहुणा असे, आणि त्याच्या निर्णयावर अपील नव्हते.

संघाच्या नावाबद्दल थोडे विषयांतर करतो. 'पुणेरी' आणि 'पलटण' हे दोन शब्द आपल्या इतिहासात १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला समोरासमोर उभे होते. पुणेरी ते पेशव्याचे, पलटण ती जिच्यात महार शिपाई होते. इथे दोन्ही एका जर्सीवर बसवले आहेत आणि खाली पुरस्कर्त्यांची नावे. ज्याने हे नाव ठेवले त्याच्या मनात यातले काहीही नसणार. पण माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याने 'पलटण! पलटण!' अशी आरोळी दिली तेव्हा त्याच्या मनात काय होते हे मला ठाऊक आहे. दर एक जानेवारीला तो कोरेगावला जातो.

आता लिलाव. प्रो कबड्डीचे खेळाडू लिलावात विकत घेतले जातात आणि हे शब्द कुणी लपवत नाही. 'विकला गेला', 'बोली लागली', 'राखून ठेवला' असेच वर्तमानपत्रे छापतात. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख मिळाले; इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले. पुढच्या वर्षी तो हरियाणाकडे गेला. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मी बापाबरोबर जात असे. तिथे दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करत. जनावराचे दात बघत, खूर बघत, चालवून बघत. लिलावाची बातमी वाचताना मला तोच बाजार आठवतो, आणि आपल्यापैकी अनेकांना आठवेल. पण इथेच थांबलो तर अर्धेच बोललो असे होईल. आपल्या बापांच्या शरीराचा लिलावही झाला नव्हता. वेठीला भाव नसतो. येसकरकीला, मेलेले ढोर ओढायला, सांगावा घेऊन दहा कोस पळायला कुणी बोली लावली नाही. शिळी भाकरी हाच हिशेब. जो पोरगा वस्तीतून निघून आपल्या पळण्याला लाखांत भाव आणतो, त्याला 'भांडवलशाहीचा गुलाम' म्हणून मोकळे होणे आपल्या काही मित्रांना सोपे वाटते. मला ते सोपे वाटत नाही. माझा विद्यार्थी दिवसभर दुचाकीवर पळतो आणि त्याच्या पळण्याचा भाव एक यंत्र ठरवते, तेही त्याला न सांगता.

पाळवणकर बाळूच्या पळण्याचाही भाव ठरला होता. चांभाराचा हा पोरगा पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करी आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकी. फलंदाजी त्याला देत नसत. ब्राह्मणांच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते म्हणून त्याला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत, पण चहा त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला आणि त्या मानपत्राचा मसुदा तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी लिहिला होता, असे रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. हिंदूंचे कर्णधारपद मात्र बाळूला कधीच मिळाले नाही. १९२० साली या अन्यायावरून विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी खेळायलाच नकार दिला. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. 'नकार' हा शब्द आपल्या साहित्यात मोठा होण्याच्या पन्नास वर्षे आधी दोन क्रिकेटपटूंनी तो मैदानावर वापरला होता.

मग पाळवणकर बंधू आपल्या परंपरेत का नाहीत? याचे उत्तर आपल्याला माहीत आहे आणि आपण ते मोठ्याने बोलत नाही. बाळू काँग्रेसच्या बाजूला राहिला. पुणे कराराच्या वेळी तो बाबासाहेबांच्या भूमिकेच्या विरुद्ध होता, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहून सुमारे दोन हजार मतांनी पडला. त्या निवडणुकीत मी मतदार असतो तर माझे मत कुणाला गेले असते हे सांगायला नको. पण राजकीय चूक केली म्हणून मंडपाबाहेरचा तो मातीचा कप पुसला जातो काय? प्रस्थापितांनी त्याला विसरणे समजू शकते. त्यांना तो कप आठवायचा नव्हता. आपण त्याला विसरलो ते दुसऱ्या कारणाने, आणि परिणाम तोच झाला. विठ्ठलने 'माझे क्रीडा-जीवन' नावाचे पुस्तक १९४८ साली लिहिले. मराठीत, आपल्याच भाषेत. आत्मकथनांवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या किती अभ्यासकांनी ते हातात घेतले आहे? मी घेतलेले नाही, हे आधी कबूल करतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांशी आपण १९७२ पासून नाते सांगतो. पँथर हे नावच तिकडून आले. त्यांनी बेसबॉलचे काय केले ते बघण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना बंदी होती. म्हणून १९२० पासून त्यांनी स्वतःच्या स्पर्धा उभ्या केल्या. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि ती बंदी मोडली. बंदी मैदानापुरती नव्हती, प्रेक्षकांतही होती. सेंट लुईसच्या मैदानात काळ्या प्रेक्षकांना १९४४ पर्यंत एका बाजूच्या मंडपातच बसावे लागे. म्हणजे कुठे बसून बघायचे हाही अधिकाराचाच प्रश्न होता. काळ्यांच्या स्पर्धांतला सर्वांत जबर फलंदाज जॉश गिब्सन हा रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी मेला. २०२४ साली त्या जुन्या स्पर्धांचे आकडे मुख्य नोंदवहीत घेतले गेले आणि गिब्सनची ०.३७२ ही सरासरी सगळ्यांच्या वर गेली. सत्याहत्तर वर्षांनी का होईना, पुस्तक दुरुस्त झाले. आपल्याकडे दुरुस्त करायला पुस्तकच नाही. जात न लिहिणे ही आपल्याकडे सभ्यता समजली जाते, आणि जात न लिहिल्यामुळे अन्यायही लिहिला जात नाही. ती वही उघडते फक्त हरल्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत महिला हॉकी संघ हरला, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवले गेले आणि संघात दलित जास्त झाल्याने हरले असे ओरडले गेले, अशी तिच्या घरच्यांची तक्रार होती. चारच दिवस आधी तिने एका सामन्यात तीन गोल केले होते.

बालेवाडीत परत येतो. खेळाआधी राष्ट्रगीत झाले. सगळे उभे राहिले, मीही. रॉबिन्सनने १९७२ च्या आत्मचरित्रात लिहिले होते की राष्ट्रगीताला उभे राहणे आपल्याला जमत नाही. ते मला त्या क्षणी आठवले, तरी मी उभा होतो आणि मला ते गैर वाटले नाही. मग दिवे मंद झाले, ढोल, धूर. पडद्यावर 'ओरडा' अशी सूचना आली की लोक ओरडत. सूचनेवर ओरडणाऱ्या समुदायाची मला चीड येते, आणि पहिली पाच मिनिटे मी तोंड मिटून बसलो. सहाव्या मिनिटाला अस्लम चढाईला गेला, कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला, दोघे अंगावर पडले, आणि तो पोट घासत, हात लांब करत मध्यरेषेकडे सरकला. त्या बोटांच्या टोकाशी आणि रेषेमध्ये वीतभर अंतर होते. ते वीतभर अंतर संपेपर्यंत मी कधी उभा राहिलो ते मला कळले नाही. सारे प्रेक्षागृह 'अस्लम, अस्लम' म्हणत होते. ज्या नावाला पुण्यात भाड्याने खोली मिळवताना दहा उंबरे झिजवावे लागतात ते नाव हजारो माणसे आपण होऊन घेत होती.

माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यालो. मध्यंतरात त्यांनी विचारले, "आपण कुठले?" मी तालुका सांगितला. "आणि आडनाव?" "गायकवाड." हे आडनाव दोन्हीकडे चालते. ते थोडे थांबले. "कोणते गायकवाड?" मी म्हणालो, "नगरचे." ते हसले, मीही हसलो. दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्याच चांगल्या पकडीला त्यांनी पुन्हा माझा हात धरला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते तर धरला असता का, हे मला माहीत नाही आणि त्यांनाही बहुधा नसावे. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये (२०२२) महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. बालेवाडीत भिंत नव्हती. एक अर्धवट राहिलेला प्रश्न होता, आणि तो चाळीस मिनिटांच्या खेळापुरता स्थगित होता.

आता जे लिहायचे टाळत होतो ते लिहितो. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली. त्याच्या तीन महिने आधी, २८ एप्रिलला, आमच्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. मुलीशी बोलल्याच्या संशयावरून शाळेपासूनच त्याला मारत नेले, असे फिर्यादीत होते. आदल्या वर्षी सोनई झाले होते, त्याच वर्षी पुढे जवखेडे झाले. खर्ड्याचा मार रात्रीचा नव्हता, रानातला एकांतातला नव्हता. त्याला बघणारे होते. खटला उभा राहिला तेव्हा अनेक साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून सगळे आरोपी सुटले.

बघणारा माणूस म्हणजे काय, हा प्रश्न माझ्यासाठी तिथून सुरू होतो. बालेवाडीतल्या प्रेक्षकाला वीतभर अंतर दिसते. बोट रेषेला लागले की नाही यावर तो पंचाशी भांडतो, पडद्यावर पुन्हा दाखवा म्हणतो, शपथेवर सांगायला तयार असतो. त्याच जिल्ह्यातला, कदाचित तोच माणूस, साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणतो की मला काही दिसले नाही. त्याची नजर अधू नसते. नजर कुठे वापरायची याचे शिक्षण त्याला गावाने दिलेले असते. आपले टीकाकार प्रेक्षकाला निष्क्रिय समजतात. मला तो तसा वाटत नाही. न बघण्यालाही बरीच मेहनत लागते.

अस्लमच्या संघाने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. तो सामना मी घरी टीव्हीवर पाहिला. जिंकल्यावर रस्त्यावर फटाके वाजले, गावठाणातही आणि आमच्या वस्तीतही, आणि काही मिनिटे कोणते कुठले ते कळत नव्हते.

माझ्या कंडक्टर विद्यार्थ्याने त्यानंतर एक काम सुरू केले आहे. आपल्या वस्तीत चौदा एप्रिलच्या कबड्डी स्पर्धा १९७० नंतर कधीतरी सुरू झाल्या. त्यात कोण कोण खेळले, कुणाची पकड कशी होती, कोण पुढे गिरणीत, साखर कारखान्यात, पोलिसात गेला, कोण खेळताना मोडला, हे तो म्हाताऱ्यांना विचारून ड्यूटीच्या डायरीत तिकिटांच्या हिशेबामागे लिहितो. आतापर्यंत एकतीस नावे झाली. त्यातल्या एका चढाईवाल्याचे खरे नाव कुणालाच आठवत नाही. सगळे त्याला 'वारा' म्हणत. पोराने तेवढेच लिहिले आहे आणि पुढची ओळ कोरी ठेवली आहे. इतर तालुक्यांतल्या वाचकांकडे अशी नावे असतील तर ती त्याला हवी आहेत. आणि विठ्ठल पाळवणकरांच्या पुस्तकाची प्रत कुणाकडे असेल तर मला.